शेवटची तीन मिनिटं

प्रिय ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

आज दुपारच्या खेळाची शेवटची तीन मिनिटं पाहिली आणि माझं डोकंच फिरलं.

इथे थिएटरच्या दारावर मी तिकिटं फाडतो. गुंडांना चुकवत पळणाऱ्या दोन गंजेड्यांचा सिनेमा अकरा वेळा पाहिला, पण शेवट कधीच नाही. त्याआधी बाहेरची दारं उघडावी लागतात. (आईला सांग, मी बिडीसुद्धा ओढत नाही.) असा धमाल सिनेमा झाला नाही! ते नशेत रोड रोलर पळवतात, तिथे मी अजून दाराला धरून हसतो.

जिच्यासाठी कॉलेज सोडलं, तिच्याशी रविवारी यावरूनच भांडलो. म्हटलं, "त्यातला एक प्रेयसीचीही माफी मागत नाही, म्हणून तर तो हिरो!"

"शेवट बघ आधी, शहाण्या."

"मग जा त्या हिरोकडेच!"

तिने दुसऱ्या गावची नोकरी धरली. आज सहाला तिची बस आहे.

म्हणून आज मी आतच थांबलो. ताई, सिनेमातला तो शेवटी प्रेयसीच्या दारात जातो. नशा उतरलेली, एकही विनोद नाही. "चुकलो," एवढंच म्हणतो.

दारं उघडायला उशीर झाला, मॅनेजर जरा तापला. काळजी नको, दुसरं काम मिळेल. जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत? बाबा माझं नाव काढतात का?

साडेपाच झाले. मला तो शब्द म्हणायची सवय नाही, म्हणून आधी तुम्हा सगळ्यांना लिहून पाहतो: चुकलो.

पाकीट वाटेत पेटीत टाकेन. दार ओढून घेतो आणि निघतो.

तुझा,
धाकटा