माझी अंत्ययात्रा आणि डावीकडची सीट

उदगीर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

वडीलबंधूसमान संगप्पा यांस, अकरा महिन्यांनी धाकट्या गुरुपादप्पाचे शरणु शरणार्थी.

गुडघे कसे आहेत? सूनबाई अजून बिनतुपाची पोळी देतात का? वाकडला (ते गाव आहे का पुण्याचाच तुकडा, मला अजून कळलेलं नाही) सकाळी फिरायला जागा आहे का, का लिफ्टमध्येच वरखाली करतोस? नातू मराठी बोलतो का? हे सगळं विचारून झालं. आता पत्राचं मुख्य कारण सांगतो. मी जिवंत आहे.

हे मुद्दाम लिहून कळवावं लागतंय, कारण तुला त्यात फारसा फरक वाटलेला दिसत नाही. खंडेनवमीच्या दुपारी आपल्या शाळेच्या ग्रुपवर 'आपले वर्गमित्र गुरुपादप्पा लिंगैक्य झाले' अशी बातमी आली. तिच्याखाली तू दोन जोडलेले हात टाकलेस. दुसऱ्या दिवशी गुंडप्पाने 'बातमी चुकीची आहे, गुरुपादप्पा ठणठणीत आहेत' असं टाकलं. त्याच्याखालीही तू तेच दोन हात टाकलेस. (माझा फोन खंडेनवमीलाच हरवला, म्हणून हे सगळं मी गुंडप्पाच्या दुकानात उभं राहून त्याच्या फोनवर वाचलं. तो तेव्हा गिऱ्हाईकाला चहापत्ती मोजून देत होता, आणि माझा चेहरा बघून त्याने मलाच स्टूल दिलं.) दोन वर्षं आपण बोलत नाही, हे मला मान्य आहे. पण पन्नास वर्षांची दोस्ती आणि माणूस मेला तरी तेच हात, उठून बसला तरी तेच हात, हे मला लागलं. म्हणून आता खरं काय घडलं ते ऐक.

लातूरला कुणीतरी जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं मंडळ काढलंय. त्यांनी खंडेनवमीला सगळ्या गाड्यांची पूजा आणि मग तीस किलोमीटरची फेरी ठेवली होती. शर्यत नव्हती. वेळेवर निघायचं, ठरल्या वेळेला ठरल्या ठिकाणी पोचायचं, आणि कागदावर शिक्का घ्यायचा. मला म्हातारपणी अशीच शर्यत झेपेल, म्हणून मी आपली दोन सीटांची लाल गाडी बाहेर काढली. कार्बोरेटर धुतला, स्पोकची चाकं दात घासायच्या ब्रशने घासली, आणि भल्या पहाटे छत नसलेल्या त्या गाडीत कानटोपी घालून एकटा लातूरला गेलो. वाटेत शाळेची पोरं हात करत होती. मीही हात करत होतो. एकट्या माणसाने लाल गाडीतून हात केला की तो जरा येडा दिसतो, हे मला चाकूरच्या फाट्याजवळ जाणवलं, आणि मग मी हात करणं बंद केलं.

तिथल्या फॉर्मवर दोन नावं मागितली होती, चालक आणि जोडीदार. मी विचार न करता दुसऱ्या ओळीत तुझं नाव लिहिलं. टेबलावरच्या बाई, वर्षाराणी नावाच्या, फार प्रेमळ होत्या. जोडीदार कुठे आहेत विचारलं. मी म्हणालो, लघवीला गेलेत. अर्ध्या तासाने त्यांनी परत विचारलं. मी म्हणालो, त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे. (माफ कर. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.) त्यांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला, गाडीला घातला, आणि एक हार तुझ्यासाठी म्हणून डाव्या सीटवर ठेवला. भाषणं होईपर्यंत फोन बंद करा म्हणाले, तसा मी आवाज बंद करून खिशात टाकला. मग झेंडा पडला आणि मी तुझ्या हाराला शेजारी घेऊन निघालो.

आता तुला आठवत असेल, आपल्या गाडीचा पाण्याच्या उष्णतेचा काटा डॅशबोर्डच्या अगदी डाव्या टोकाला आहे. चालवणाऱ्याला तो दिसतच नाही. त्या काट्याकडे बघणं आणि वळण यायच्या आधी 'उजवं' किंवा 'डावं' सांगणं, ही तुझी दोन कामं. मी जन्मभर रस्त्याकडे बघत 'काटा?' एवढंच विचारलं, आणि तू 'मधी हाय' म्हणालास की पाय आणखी दाबला. त्या दिवशीही मी दोनदा 'काटा?' असं मोठ्याने विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा लक्षात आलं, की डावीकडे हार बसलाय. तोपर्यंत मी वळणही चुकलो होतो. सगळ्या गाड्या हमरस्त्याने गेल्या आणि मी सोयाबीनच्या रानातल्या कच्च्या रस्त्याने नळेगावच्या बाजूला निघालो होतो. मग बॉनेटमधून वाफ आली, इंजिनचा आवाज बसला, आणि हेड गॅस्केट गेलं. चूक गाडीची नव्हती. काटा बघणारा नव्हता.

रानातल्या आठ जणांनी मिळून, फळ्या लावून, गाडी रामलिंग नावाच्या माणसाच्या रिकाम्या ट्रॉलीत चढवली. तो पिठाच्या गिरणीचं जातं आणायला उदगीरलाच निघाला होता. खंडेनवमी म्हणून त्याच्या ट्रॅक्टरला केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा बांधलेल्या होत्या, आणि स्पीकरवर 'ओम नमः शिवाय' एका सुरात चालू होतं. तो मला म्हणाला, "अप्पा, तुमी हितं माझ्याजवळ मडगार्डवर बसा, मागं धूळ लई हाय." मी नाही म्हणालो. आपली गाडी ट्रॉलीत आणि मी मडगार्डवर, हे मला बघवलं नसतं. मी माझ्याच सीटवर बसलो, शर्यतीचा जुना पट्टा छातीवरून आवळला, धुळीसाठी उपरण्याने डोकं आणि हनुवटी बांधून घेतली आणि डोळे मिटले. पहाटेपासूनचं जागरण होतं. ट्रॅक्टरची चाल पायी चालण्याएवढी. मला ताठ बसल्याबसल्या झोप लागली.

आता हे चित्र तू डोळ्यासमोर आण. पांढरा सदरा, कपाळावर रोजची विभूती, गळ्यात हार, हनुवटी बांधलेली, माणूस ताठ बसलेला, भोवती केळीचे खुंट आणि समोर शिवाचं नाव. आपल्यात माणूस गेला की आडवा करत नाहीत, सजवून, बसवूनच नेतात, हे तुझ्या वाकडच्या सोसायटीला माहीत नसेल, पण त्या रस्त्यावरच्या प्रत्येक शेंबड्या पोराला माहीत आहे. बाजाराच्या गावात ट्रॅक्टर शिरला आणि लोकांनी चपला काढल्या. दुकानदार खाली उतरले. काही जण मागे चालायला लागले. रामलिंग पुढे स्पीकरच्या आवाजात, त्याला काही पत्ता नाही. कुणीतरी मला ओळखलं, आणि बातमी फोनवरून माझ्या आधी दोन तास उदगीरला पोचली.

मला जाग आली ती एका बाईच्या आवाजाने. ती कुणाला तरी विचारत होती की कोण गेलं. मला लगेच कळलं काय झालंय. आणि संगप्पा, इथे मी एक पाप केलं. मी डोळे उघडले नाहीत. लोक आपल्यामागे काय बोलतात ते ऐकायची अशी संधी पुन्हा कुठली मिळणार? पहिल्यांदा बरं चाललं होतं. माणूस सरळ होता, देवाधर्माचा होता, कुणाला फसवलं नाही. (गाडीच्या मायलेजबद्दल मी आयुष्यभर फसवत आलो, पण ते त्यांना माहीत नव्हतं.) मग एक जण म्हणाला की या गाडीपायी बायकोला कधी चार दिवस कुठं नेलं नाही. ते खरं आहे. कमलम्माला मी फक्त एकदा नेलं, बिदरला, आणि तेव्हाही अर्ध्या वाटेत टायर फुटला, तर ती तिथंच सावलीत बसून स्वेटर विणत राहिली. ती जाऊन आता चार वर्षं झाली. तो अर्धा स्वेटर अजून घरात आहे.

मग एक म्हातारा, अगदी ट्रॉलीला लागून चालणारा, दुसऱ्याला म्हणाला, "ह्यांच्या डाव्या अंगाला एक जण बसायचे की. जिथं हे तिथं ते. ते कुठं दिसनात बा." दुसरा म्हणाला की ते पुण्याला गेले म्हणे लेकाकडं. म्हातारा म्हणाला, "मग ह्यांच्याजवळ कुणीच न्हवतं म्हणा."

मला डोळे मिटूनही रडू यायला लागलं. मेलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं तर लोक काय म्हणतील याची भीती वाटत होती, एवढ्यात एका आजीने भक्तिभावाने माझ्यावर चिमूटभर भस्म टाकलं, ते थेट नाकात गेलं आणि मी शिंकलो. मोठ्याने, दोनदा. गर्दी एका क्षणात पांगली. फक्त ती आजी जागची हलली नाही. तिने माझ्याकडे बघून शांतपणे सांगितलं, "बसा अप्पा, आता उठू नये." तिला अजूनही पटलेलं नाही की मी जिवंत आहे.

उदगीरला घरासमोर मांडव टाकायला माणसं आली होती. शेजारची तनुजा पायरीवर बसून रडत होती, आणि मला ट्रॉलीतून उतरताना बघून तिने आधी मला शिव्या दिल्या, मग चहा दिला. अंबिका हैदराबादहून निघालेली, जहीराबादपर्यंत रडत आली आणि तिथून पुढे चिडत आली. तिने घरात पाऊल ठेवताच सांगितलं, बाबा, आता ही गाडी विका आणि माझ्याकडे चला. तिच्या ओळखीचे एक शौकीन आहेत, त्यांच्याकडे अशा तीसएक गाड्या काचेच्या दालनात ठेवलेल्या आहेत. ते येऊन बघून गेले. हातमोजे घालून गाडीला हात लावत होते. माणूस चांगला आहे. पण त्यांच्या गाड्या चालत नाहीत, त्या उभ्या असतात.

मी हो म्हणालो, संगप्पा. हे तुला सांगणं भाग आहे, कारण गाडी कागदावर तुझी आहे. एक्क्याऐंशी साली माझ्या वडिलांनी मोटारीच्या नावाने घर डोक्यावर घेतलं होतं म्हणून कागद तुझ्या नावावर केला आणि तो पुन्हा कधी बदलला नाही. तेव्हा सोबत विक्रीचा कागद जोडला आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर आणि उलट टपाली पाठव.

दोन वर्षांपूर्वी तू जाताना म्हणालास, 'गाडी विकून टाक गुरुपाद, शेजारी बसणार कोण.' त्यावर मी जे बोललो, की तू काय आयुष्यभर नुसता शेजारी बसलास, ते मी रोज आठवतो. तुझ्या पोराची मोटार निघाली तेव्हा मी गॅरेजमध्ये दार लावून नसलेलं काम करत होतो. हॉर्न मी ऐकला. तू तीनदा वाजवायला लावलास.

मी नुसता बसलास म्हणालो, पण तसं नव्हतं रे. सत्त्याहत्तरला मद्रासजवळच्या शोलावरमला आपण शर्यत बघायला गेलो, दोन रात्री धर्मशाळेच्या ओट्यावर झोपलो आणि कोपऱ्यावर उभं राहून तू डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचास, कुठली गाडी आली. मला आजही ते जमत नाही. रविवारी संध्याकाळी साडेसहाला परदेशातली शर्यत मोबाइलवर लावतो. आता तोही हरवला. कुणी टायर बदलायला आत वळला की मी 'चुकला बघ' असं मोठ्याने म्हणतो आणि मग घर शांत असतं. एकट्याने शर्यत बघण्यात मजा नाही. चुकलं म्हणायला तरी कुणी लागतं. बाकी ठीक. सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला गोड पापा.

तुझा,
(तात्पुरता लिंगैक्य) गुरुपादप्पा

ता. क. — पत्र पाकिटात घालून झालं होतं. मग त्या हैदराबादच्या गृहस्थांना फोटो हवे म्हणून डावी सीट उचलली, तर खाली माझा फोन. चार्ज केला. तुझे अकरा कॉल. पहिला बारा चाळीसचा, शेवटचा सहाला पाच कमी असतानाचा. ग्रुपवरची वेळ माझ्या फोनवर सापडेना, म्हणून पुन्हा गुंडप्पाच्या दुकानात जाऊन बघून आलो; हात तू दीड वाजता जोडलेस. म्हणजे हात जोडून झाल्यावरही तू नऊ वेळा माझाच नंबर लावत होतास. गेलेल्या माणसाला कुणी असा फोन लावतं का, येड्या? हातांबद्दल वर जे लिहिलं आहे ते वाचू नकोस. वाचलं असशील तर मला माफ कर.

ता. ता. क. — पाकिटात विक्रीचा कागद शोधू नकोस, सूनबाईंनाही शोधायला लावू नकोस. तो मी काढून घेतला आहे. अंबिकाला अजून सांगितलेलं नाही. हैदराबादहून नवं गॅस्केट मागवलंय, शनिवारी बसवतो. तू रविवारी सकाळच्या बसने स्टँडवर उतर. मी गाडी घेऊन बाहेर उभा असेन. डावीकडचं दार अजून तसंच आहे, आतून ओढून उघडावं लागतं. ते मी आधीच उघडून ठेवतो.