लिफ्टवाला जिन्याने निघाला

प्रिय धाकटे,

तुझा फोन मध्येच ठेवला म्हणून रागावली असशील. रागाव. 'बाबा, या थंडीत माझ्याकडे येऊन राहा, पांघरूण घेऊन स्वस्थ बसा,' हे तू मला पुन्हा पहिल्यापासून समजावत होतीस आणि माझी जिन्यावर जायची वेळ टळत होती.

माझ्या या जिन्याची चुगली तुझ्याकडे कोणी केली तेही ठाऊक आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी. सकाळी बाहेर धुकं, रस्ता ओला, पाय घसरायची भीती. म्हणून मी आपला जिनाच चढतो-उतरतो. आता ज्याची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, तो माणूस जिन्याने निघालेला दिसला की लोकांना वाटणारच, लिफ्ट बिघडली. सुरुवातीला अख्खी इमारत माझ्यामागे धापा टाकत चढली. लिफ्ट ठणठणीत आहे हे कळल्यावर सगळे माझ्यावर उखडले. मला म्हातारचळ लागलाय, ही बातमी तुला तेव्हाच पोचली. गंमत म्हणजे त्याच बाई आता रोज माझ्याबरोबर येतात. कठडा धरून, स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत, पण चढतात.

गुडघे माझेही कुरकुरतात. डॉक्टरांना विचारून आलोय. दम लागला की थांबा, छातीत दुखलं तर लगेच या, पण हालचाल सोडू नका, असं म्हणाले. मी हट्टी आहे, मूर्ख नाही.

तुझी आई आठव. त्या हिवाळ्यात तिला नुसता खोकला झाला होता. आपण सगळ्यांनी मायेनं तिला खुर्चीत बसवलं, पाण्याचा पेलासुद्धा हातात दिला. उन्हाळा आला तेव्हा तिला दारापर्यंत चालता येईना. मला अजून राग येतो, कोणाचा ते सांगता येत नाही. पण तसा मी बसणार नाही.

रविवारी तू टेम्पो घेऊन येणार आणि मला तुझ्या तळमजल्यावरच्या खोलीत कायमचं नेणार, हे जावईबापूंनी काल हळूच सांगितलं. जरूर ये. फक्त लिफ्टने येऊ नकोस. चार मजले जिन्याने चढ. दारात उभी राहून 'बाबा, सामान बांधा, चला' एवढं एका दमात म्हणालीस, तर निमूट तुझ्यामागे येईन. नाही जमलं, तर आत ये, चहा पी, दम खा, आणि टेम्पो रिकामा परत पाठव.

तुझाच, चौथ्या मजल्यावरचा,
बाबा