गर्दी सुटायच्या आत

बाबा, काल आम्ही एक मॅच शेवटपर्यंत पाहिली. तुमची मुलगी शेवटपर्यंत बसली. हे कौतुकानं सांगावं असं दुसरं कुणी सापडेना, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलंय. नवऱ्याला त्याचं काय! तो नागपूरचा, लग्नाला गेले की मांडव उतरवूनच परतणाऱ्यांच्या घरातला. आपण पहिल्या पंगतीला जेवून, आहेर देऊन, बाकीचे हात धुवायला उठेपर्यंत स्कूटरपाशी पोचलेलो असायचो.

"गर्दी सुटायच्या आत निघू." तुमच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही एखाद्या हॉलमध्ये शिरले की आधी बाहेर पडायचं दार शोधते. नाटकाला गेलो की शेवटचा अंक रंगात आलेला असतानाच तुमचा हात माझ्या खांद्यावर यायचा. मग वाकून, लोकांचे गुडघे चुकवत आपण बाहेर. आईनं तर आपल्याबरोबर येणंच सोडलं होतं. "अर्धं नाटक बघण्यापेक्षा मी घरी रेडिओ ऐकते," म्हणायची. म्हणून आपण दोघंच असायचो. स्कूटर रांगेच्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून लावलेली. मी पुढे उभी, आणि मागून तुम्ही मला नाटकाचा शेवट सांगताय. तो तुम्हीही पाहिलेला नसायचा, पण सांगायचात असा की जणू तालमीला हजर होतात. घर सोडून गेलेली मुलगी परत यायची, भांडलेले भाऊ एका ताटात जेवायचे, म्हाताऱ्याचा खोकला थांबायचा, "आणि मग सगळे आपापल्या घरी गेले." तोवर आपलं घर आलेलं असायचं. कॉलेजात असताना पुण्यात त्यातलंच एक नाटक पुन्हा लागलं. मैत्रिणींच्या मधोमध अडकल्यामुळे मला उठता आलं नाही. बाबा, ती मुलगी परत आलीच नाही हो. मैत्रिणी म्हणाल्या, काय सुंदर शेवट! मला मात्र नाटकवाल्यांचाच राग आला होता.

सांगलीला सर्कस आली होती तो दिवस आठवतो का? दुपारचा खेळ होता. वाघ झाले, सायकलवरची अस्वलं झाली, आणि शेवटी झुल्यांचा खेळ. जाळं बांधायला माणसं आली आणि तुमचा हात माझ्या खांद्यावर. मी रडले, पाय आपटले, तरी निघालो. तुम्ही किक मारायला पाय उचललात आणि तेवढ्यात तंबूतून शेकडो लोकांचा एकदम "ओऽऽ" ऐकू आला. "काय झालं, बाबा?" मी विचारलं. "काही नाही गं, टाळ्या वाजवतायत," तुम्ही म्हणालात. पण उचललेला पाय तुम्ही पुन्हा खाली ठेवलात आणि थोडा वेळ तंबूकडे बघत उभे राहिलात. तुम्हाला आत परत जावंसं वाटत होतं का? गर्दीत तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटायची? मी कधी विचारलं नाही. आता इच्छा होते आणि विचारायला माणूस नाही.

तर कालची मॅच. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा लांबचा मावसभाऊ समजा. आम्ही जातो ती काही टीव्हीवर दिसणारी मोठी मॅच नसते. मोठ्या संघातून बोलावणं येईल म्हणून वाट बघणारी विशी-बाविशीची पोरं छोट्या गावातल्या छोट्या स्टेडियमवर खेळतात. आम्ही राहतो जर्सी सिटीत, तिसाव्या मजल्यावर. खाली ट्रेन, समोर मॅनहॅटन, आणि पोरीला पळायला जागा म्हणाल तर पार्किंग गॅरेज. त्यामुळे उन्हाळ्यात एखादा रविवार गाडी भाड्यानं घेऊन कुठेतरी गवत बघायला जायचं, असं आम्ही ठरवलंय.

गेल्या वर्षी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी काय फजिती झाली ऐका. नऊ डाव असतात, हे मला माहीत होतं. पण सातव्या डावात मध्येच सगळं स्टेडियम उभं राहिलं. ते हातपाय मोकळे करायला आणि एक गाणं म्हणायला उठतात, ही इथली रीतच आहे. मला कुठे माहीत? लोक उठले म्हणजे गर्दी सुटली! मी टोप्या, पाण्याची बाटली, लेक, सगळं गोळा करून सुसाट निघाले. नवरा मागून ओरडतोय, "अगं थांब नं, यार!" दारावरच्या आजीबाई म्हणाल्या, एकदा बाहेर गेलात की परत आत सोडत नाही हं. मी म्हटलं, चालेल. भाड्याची गाडी ओळखून सापडेपर्यंत अर्धाएक तास गेला, आणि आम्ही बसलो तोच स्टेडियममधून मोठा आवाज आला. मागोमाग लाउडस्पीकरवर सांगितलेलं स्पष्ट ऐकू आलं, मुलांनी मैदानावर यावं. रविवारी मॅच संपली की लहान मुलांना खऱ्या मैदानावर, खेळाडू पळतात तसं चारही बेसना, म्हणजे कोपऱ्यांतल्या खुणांना, शिवून पळू देतात. लेक आठ वर्षांची होती तेव्हा. काच खाली करून तिनं विचारलं, "व्हॉट हॅपन्ड, आई?" आणि मी म्हणाले, "काही नाही गं, टाळ्या वाजवतायत." म्हणाले आणि माझ्याच अंगावर काटा आला. तुमच्यासारखा शेवट रचून सांगायला मला काही सुचलं नाही. तिनं काच वर करून घेतली.

म्हणून यंदा तिनं महिनाभर आधी माझ्याकडून कबूल करून घेतलं. "टिल द एंड, आई. प्रॉमिस?" सहलीचा बेतही तिनंच आखला. सकाळी लवकर निघायचं, वाटेत नवऱ्याच्या हट्टाखातर पीचच्या बागेत जायचं, नदीकाठच्या पार्कात जेवायचं आणि मग मॅच. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी नदीवरच संपवायची. तिकिटं काढताना मी दुपारी सावली कुठल्या बाजूला येते ते शोधून काढलं. हे तुमचंच. आणि सवयीनं दाराजवळच्या, रांगेच्या टोकाच्या खुर्च्या निवडल्या. नवऱ्यानं स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं त्या बदलून मधल्या घेतल्या.

बेत अगदी ठरल्याप्रमाणे पार पडला. पीच इतके रसाळ होते की लेकीच्या कोपरापर्यंत ओघळ आले. तुम्हाला आवडले असते. तुम्ही फळ खायचात ते बेसिनपाशी वाकून, शर्टाला डाग नको म्हणून. सातव्या डावात सगळे उठले तेव्हा मी खुर्चीचा दांडा धरून बसून राहिले. नवव्यात वाटलं, सुटलो. तर दोन्ही संघ बरोबरीत! आता एक संघ पुढे जाईपर्यंत खेळतच राहणार. गाडी आठच्या आत परत करायची होती. आजूबाजूची माणसं उठायला लागली, आणि माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मी म्हटलं, "हायवेला ट्रॅफिक लागेल हं." नवरा म्हणाला, "बस नं, यार. कुठं आग लागली?" लेकीनं तर माझी पर्सच मांडीवर घेतली. "डोन्ट इव्हन लुक ॲट द कार की."

बसल्या बसल्या मला तुमचा शेवट आठवला. तुम्ही स्वतःही गर्दी सुटायच्या आतच निघालात. मी पुण्याला शेवटच्या वर्षाला होते. बस पोचेपर्यंत तुम्हाला नेलंही होतं. आई म्हणाली, "झोपेतच गेले गं, त्यांना काही कळलंच नाही." ते ती मला अशा सुरात म्हणाली, की मला स्कूटरवरचे तुमचे शेवट आठवले. पुढे मी काही विचारलं नाही. खरं काय झालं होतं हे आजही मला माहीत नाही, आणि आता आईही नाही. पण तुमच्या त्या दिवसाचा शेवट बाहेर उभं राहून ऐकायलासुद्धा मी नव्हते, हे दुःख माझ्या मनातून काही जात नाही. एवढ्या वर्षांनीसुद्धा कुठूनही लवकर निघाले की वाटतं, बाहेर तुम्ही असाल. मला तुमची फार आठवण येते, बाबा. काल त्या उन्हात, हजार अनोळखी माणसांत बसून फार आली.

दहाव्या डावात एका पोरानं चेंडू लांब मारला आणि मॅच संपली. आमचाच संघ जिंकला. लगेच मुलांना बोलावलं. लेक पिवळा टी-शर्ट घालून रांगेत उभी होती. तिनं मला दोनदा हात केला. नवरा तिला खाली सोडून कुंपणाच्या टोकाशी थांबला. मी कठड्याला टेकून उभी. रांग सुटली, ती पहिल्या बेसला शिवली, दुसऱ्याकडे वळली. इतकं मी नीट पाहिलं.

तिच्याबरोबर माझी नजर वळली ती कुंपणापलीकडे पार्किंगवर गेली. गाड्यांची रांग लागली होती, आणि रांगेच्या पार टोकाला, रस्त्याकडे तोंड करून लावलेल्या एका गाडीपाशी कुणी पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला माणूस उभा होता. गाडीचं दार उघडं. तो आत बसत नव्हता. मैदानाकडे तोंड करून आवाज ऐकत होता. ते तुम्ही नव्हतात, एवढं मला कळतं. तरी मी बघत राहिले. तो गाडीत बसून निघून गेला तेव्हा मी भानावर आले, आणि तोवर मुलांची धाव संपली होती.

परतताना लेकीनं मागच्या सीटवरून विचारलं, "आई, डिड यू सी मी? ॲट द एंड?" मी म्हटलं, पाहिलं तर! आणि सांगत सुटले. तिसऱ्या बेसला कशी वळलीस, पुढच्या दोघांना कसं मागे टाकलंस, शेवटचा बेस येताच कशी उडी मारलीस, तिथल्या खेळाडूनं टाळी द्यायला हात कसा पुढे केला. नवऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो गाडी चालवत राहिला. लेक अगदी शांतपणे ऐकत होती. "मग?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मग काय, सगळे आपापल्या घरी गेले."

घरी येऊन ती अंघोळ करून आली तेव्हा मला तिचे दोन्ही तळहात दिसले. खरचटलेले, गुडघाही सोललेला. तिसऱ्या बेसपाशी ती चांगली आपटली होती म्हणे, रडलीही होती, आणि सगळ्यांच्या मागून पोचली. हे नवऱ्यानं सांगितलं. मी औषध लावत असताना तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला, आणि म्हणाली, "आय लाइक्ड युवर एंडिंग, आई."

हे पत्र मी कुठे पाठवणार? ते आपलं इथेच राहील. पण एक सांगून टाकते. सर्कशीहून येताना तुम्ही मला सांगितलं होतंत, झुल्यावरची मुलगी सगळ्यांत उंच गेली, हात सोडले आणि समोरच्यानं तिला अलगद धरलं. दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं, ती जाळ्यात पडली होती, त्यालाच लोक ओरडले होते. मी तुम्हाला ते कधीच सांगितलं नाही. मला तुमचाच शेवट आवडला होता.