अंबाच्या तोंडची चव

१७ जानेवारी २०२४

अंबानं परत जेवण टाकलं. दोन घास कंजी, तांदळाची पेज, पोटात गेली, मग चमचा ताटात आपटला. ‘लोखंड चावल्यागत लागतं हो!’ स्टीलचा काढून चांदीचा दिला — आमच्या लेकीच्या, वर्षाच्या बारशाचा. तोही तसाच! कॅन्सरची इंजेक्शनं सुरू झाल्यापासून पाण्यालासुद्धा तिला गंजाची चव येते. डॉक्टर म्हणाले, या औषधानं होतं असं, लाकडाचा चमचा देऊन बघा.

बाजारात बघितले. सगळे भाजी ढवळायचे. तिच्या तोंडात कसे जाणार?

मी निवृत्त झालो तेव्हा वर्षानं बंगळूरहून लाकूड कोरायच्या सुऱ्या पाठवल्या होत्या. एक सरळ, एक टोकाशी आकड्यासारखी वाकलेली — चमच्याचा खळगा काढायला. ‘ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत जन्मभर शिक्के मारलेत, अप्पा, आता हाताला दुसरं काही येऊ दे.’ तेव्हा दोन-चार वेडेवाकडे डाव केले आणि सुऱ्या ठेवून दिल्या. उद्या काढतो.

घरात नागरी मला एकट्यालाच वाचता येते, बायको-लेकीला तमिळच. म्हणून इथं लिहितो — फार भीती वाटते.

१९ जानेवारी

वीणा करणाऱ्यांकडून फणसाच्या लाकडाचा तुकडा मागून आणला. वाळून नुसता दगड झालाय. सुरी घसरते. दिवस फुकट!

२० जानेवारी

फणस सोडला. मागच्या अंगणातल्या पेरूची ओली फांदी कापली. काय सुरेख निघतं हे लाकूड! सरळ सुरीनं साल काढली, दांडा बारीक केला. अंबा उशीला टेकून बघत होती. ‘एवढा मोठा? माझं तोंड आहे का देवळाचं दार, मोठ्या कोविलचं?’ आणि हसली! किती दिवसांनी.

लहान करतोय.

२२ जानेवारी

अंगठा कापला. वाकडी सुरी आपल्याकडे ओढत कोरायचं असतं, आणि मी अंगठा नेमका वाटेत ठेवला. टाके पडले. स्कूटर चालवता येत नाही, आणि उद्या तर अंबाच्या इंजेक्शनचा दिवस! वर्षाला फोन केला. निघते म्हणाली.

२३ जानेवारी

मायलेकी ऑटोनं गेल्या. मलाही यायचं होतं, पण अंबा म्हणाली, ‘तुम्ही हात घेऊन बसा घरी.’ दोघी लवकरच परतल्या. वर्षाचे डोळे लाल. ‘प्रवासात झोप नाही झाली, अप्पा.’ इंजेक्शन दिलं नाही म्हणे — डॉक्टरांनी थोडे दिवस सुट्टी दिलीय. बरंच झालं. अंगात जरा ताकद येऊ दे.

२५ जानेवारी

वर्षा गेली. जाताना आईला सोडवेना तिला. नोकरी तरी किती दिवस थांबणार!

३१ जानेवारी

टाके निघाले. परत खळगा कोरायला बसलो.

४ फेब्रुवारी

चमचा झाला! घासून घासून गुळगुळीत केला, खोबरेल लावलं. संध्याकाळी त्यानं कंजी भरवली. एक घास, दुसरा, तिसरा... मी बघतच राहिलो. ‘लोखंड लागत नाही,’ म्हणाली.

अंगणात जाऊन रडलो.

९ फेब्रुवारी

आज वाटीभर कंजी, वर ताक! वर्षाला फोन करून सांगितलं — माझ्या चमच्यानं काम केलं बघ! ती म्हणाली, ‘हो अप्पा. तुमच्या चमच्यानंच.’

शेजारच्या कमलाक्षीबाईंनाही दाखवला. वयाला शोभत नाही, पण दाखवला.

१३ फेब्रुवारी

अंबाची पाठ दुखते. शेकली.

१७ फेब्रुवारी

रसमभात खाल्ला, आणि म्हणते काय — ‘मीठ कमी आहे!’ भांडली माझ्याशी मिठावरून! इतकं बरं वाटलं.

पाठदुखी मात्र वाढलीय. पण आता खातेय, ताकद येईल, इंजेक्शनं परत सुरू करता येतील. उद्या दवाखान्यात फोन करून तारीख घेतो. दुसरा चमचा काढायला घेतलाय — थोडा खोल, रसमसाठी.

१८ फेब्रुवारी

तारीख नाही. नंबर लावत होतो तर अंबानं हातातून फोन घेतला. ‘वर्षाबरोबर गेले त्या दिवशी मीच डॉक्टरांना म्हटलं, पोदुम. पुरे झालं. ते औषध बंद केलंय. म्हणून तोंडाला चव आलीय.’

वर्षाला माहीत होतं.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही चमचा करत होता.’

थोड्या वेळानं म्हणाली, भूक लागली. भात लावला.