अठ्ठ्याण्णवच्या घरातला साप

प्रिय मामा,
आणि प्रिय मामाच्या नाकाखालची मोकळी जागा,

तुझं पार्सल परवा पोचलं. दोन स्वेटर, आईसाठी मधाची बाटली (झाकण सैल होतं, त्यामुळे एक स्वेटर आता मधाचाच झालाय), सापशिडीचा डबा आणि पाकिटात नव्या ओळखपत्राचा तो फोटो. आईने फोटो हातात घेऊन आधी मला विचारलं, हे साहेब कोण रे? मग ओळख पटली तशी जी हसत सुटली ती खुर्चीवरून उठेचना. हसता हसता मध्येच रडायला लागली, म्हणे अगदी आमच्या वडिलांसारखा दिसायला लागलाय. मी मात्र फोटो घेऊन थेट कामावर, झेरॉक्सच्या दुकानात. मोठा करून वीस झेरॉक्स काढल्या, खाली लिहिलं, 'मिशी हरवली आहे, शोधून देणाऱ्याला दहा पानं फुकट', आणि आमच्या गल्लीपासून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत चिकटवल्या. मालक म्हणाले, अरे बिचाऱ्याने शब्द पाळला, त्याची काय वरात काढतोस? मी म्हटलं, पाच डाव हरला, भोगू दे आता. तर मामा, त्या वीसच्या वीस झेरॉक्स काल मी स्वतः फिरून काढून आणल्या. भिंतीचा रंगही थोडा आलाय त्यांच्याबरोबर. का काढल्या ते सांगतो, पण त्यासाठी वर्षभर मागे जावं लागेल. एवढं लांब पत्र मी जन्मात पहिल्यांदा लिहितोय, तेव्हा शुद्धलेखन बघत बसू नकोस.

तुझी बदली त्या डोंगरावरच्या हवामान केंद्रात झाली तेव्हा तू म्हणालास, संध्याकाळची नोंद झाली की रोज साडेसहाला फोन करीन. मी म्हटलं, करशील, पण बोलणार काय? जेवलास का, जेवलो, आई कशी आहे, बरी आहे, ठेवू का, ठेव. हे आठवडाभरात शिळं होतं. मग बसची वाट बघताना स्टँडसमोरच्या खेळण्यांच्या दुकानात तू सापशिडीचे दोन डबे घेतलेस. एक पुढेच मांडलेला होता, दुसरा दुकानदाराने माळ्यावरून काढून शर्टाच्या बाहीने पुसून दिला. दोन्ही डब्यांवर तोच पगडीवाला साप, तीच शिडी, तोच गालफुग्या पोरगा. रोज एक दान तू टाकायचं, एक मी, आणि फोनवर सांगायचं. पाच डाव आधी जिंकेल तो जिंकला. मी हरलो तर माझं राहिलेलं गणित परत द्यायचं, दोनदा आपटलोय तरी. तू हरलास तर मिशी. आई म्हणाली, मिशी कसली लावतोस पणाला, हा कार्टा तिकडे फोनवर काय सांगेल त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? तू बॅग उचलत म्हणालास, मी ठेवणार. आणि बसमध्ये चढलास.

आता मला सांग, माझ्यासारख्या माणसाशी असं वागतात का? माझ्यावर लक्ष ठेवा म्हटलं की माझे हात शिवशिवतात. मालकांनी एकदा टेपचं रीळ मोजून कपाटात ठेवलं, तर मी त्याच टेपने त्यांच्या चपला जमिनीला चिकटवल्या. पण 'मी ठेवणार' म्हटल्यावर काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. ठरवलं, सगळ्या जगाला टोप्या घालू, पण साडेसहाच्या फोनवर जे पडेल तेच सांगायचं. दुकानातल्या काउंटरवर फासा टाकायचा, मालक पंच, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत तुझं दान वर, माझं खाली. तू म्हणायचास, चार पडले, बावीसवर आलो. मी म्हणायचो, दोन पडले, नऊवरून शिडीने एकतीसवर. मग तू जरा थांबायचास आणि म्हणायचास, बरं. मला वाटायचं लाइन हळू आहे. डोंगरावरून आवाज यायला वेळ लागत असेल.

पहिला डाव तू जिंकलास, दुसरा मी. तिसऱ्यात एक दिवस तू म्हणालास, पाच पडले, सत्तेचाळीसवर. मी सोंगटी सरकवली तर सत्तेचाळीसवर सापाचं तोंड! हा एवढा मोठा हिरवा साप, सरळ सव्वीसवर नेणारा. मी वाट बघितली. तू सापाचं नावच काढलं नाहीस. म्हणालास, वारा आज जोरात आहे, आईला सांग खिडक्या लावून घे. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीसवरून पुढे चालू लागलास, जसा काही तो साप नव्हताच. मामा, मी फोन ठेवला आणि काउंटरवर डोकं टेकून हसलो. तू! ज्याच्या पाऊस मोजायच्या भांड्याला कुत्र्याने धक्का दिला म्हणून ज्याने त्या दिवसापुढे 'नोंद नाही' लिहिलं आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, तो तू! अंदाजाने आकडा लिहिला असता तर कुणाला कळलं असतं, असं तेव्हा मी विचारलं होतं, तर तू माझ्याकडे असं बघितलंस जसं मी परग्रहावरून आलोय. आणि तोच माणूस सापशिडीत साप चुकवतोय! मला तू इतका आवडलास ना त्या दिवशी, काय सांगू. वाटलं, हा तर आपलाच माणूस निघाला. इतकी वर्षं उगाच घाबरत होतो याला.

मग मी बारीक लक्ष ठेवायला लागलो. तू कधी साप गिळायचास, कधी नसलेली शिडी चढायचास. कधी कधी तर उलटंच, चांगली मोकळी जागा असताना सांगायचास, सापाने खाल्लं, खाली आलो. मी डोकं लढवलं आणि शोध लावला की हे प्रायश्चित्त. सोमवारी खोटं खेळायचं, गुरुवारी त्याची भरपाई करायची, म्हणजे रात्री झोप लागते. छत्तीसवरची शिडी तू दोनदा सोडलीस तेव्हा तर मी मनातल्या मनात टाळ्याच वाजवल्या. वाटलं, काय पोचलेला माणूस आहे, संशय येऊ नये म्हणून शिडीही सोडतो. आयुष्यभर लबाडी करूनही हा बारकावा मला सुचला नसता. मालक म्हणाले, अरे विचार ना त्याला. मी म्हटलं, छे, एवढी वर्षं सरळ चालून चालून त्याचे पाय दुखले असतील, खेळू दे जरा वाकडं. आणि मी स्वतः एकदाही फासा फिरवला नाही. कारण तू फिरवतोस तर कुणीतरी एकाने सरळ खेळायला हवं ना. त्याचीही गंमत वाटायची, की घरातला भामटा सज्जन झालाय आणि सज्जन भामटा, आणि आईला पत्ता नाही.

मला ताप आला होता ते चार दिवस आईने माझं दान टाकलं, आठवतं? ती फासा दोन्ही हातांत धरून असा खुळखुळवायची जसा काही त्यातून पोपट निघणार आहे. चौथ्या दिवशी माझी सोंगटी नसलेल्या सापातून खाली गेली, तिला चष्म्याशिवाय शेजारच्या घरातलं शेपूट दिसलं होतं. मी म्हटलं, आई, चुकलीस. ती म्हणाली, सांगून झालं ना त्याला? मग राहू दे, माझ्या भावाशी बोललेलं फिरवायचं नाही. वादळात तुझ्याकडचे विजेचे खांब पडले त्या दिवशी साडेसहा झाले, सात झाले, फोन नाही. आईने तीन वेळा चहा गरम केला आणि कुणीच प्यायला नाही. सव्वासातला फोन वाजला, तू धापा टाकत म्हणालास, आधी माप घेऊन आलो, भिजलोय, तीन पडले, त्रेसष्ट. त्रेसष्टवर माझ्याकडे साप होता. मी म्हटलं, बरं. त्या दिवशी तू शंभरावर आलो म्हणाला असतास तरी मी बरंच म्हटलं असतं.

चार-चार झाले. नववा डाव. तू एक्क्याण्णववर, मी शहाण्णववर. मला दोन पडले. मी म्हटलं, दोन, अठ्ठ्याण्णव. आणि तिकडे एवढी शांतता, की मी हॅलो हॅलो करत बसलो. मग तू म्हणालास, अठ्ठ्याण्णव. नक्की? मी म्हटलं, नक्की, मालकांना विचार. तू म्हणालास, बरं, नीट जेव. दुसऱ्या दिवशी मला परत दोन पडले आणि मी शंभरावर. मी फोनवर ओरडत होतो, तू शांतपणे म्हणालास, जिंकलास रे, सकाळी न्हाव्याकडे जातो. आवाजात राग नव्हता. काहीतरी होतं, पण राग नव्हता. महिन्याभराने तुझी पुढच्या केंद्रावर बदली झाली, तिथे फोन नाही, आणि जास्तीचं सामान तू घरी धाडलंस.

काल दुपारी दुकान बंद होतं. तुझ्या डब्यातला फासा माझ्यापेक्षा नशीबवान आहे का बघू, म्हणून मी तो उघडला. आत तुझा पट होता. मामा, सत्तेचाळीसवर साप नाही. मी माझा पट शेजारी मांडला. डबा तोच, पगडीवाला साप तोच, आणि आत सगळंच वेगळं. माझ्या पटावर साप सात, तुझ्यावर अकरा. माझी नऊवरची शिडी तुझ्याकडे नाहीच. त्रेसष्ट मोकळं. आणि अठ्ठ्याण्णवच्या घरात तुझ्याकडे सगळ्यांत मोठा साप आहे, काळा, पिवळ्या ठिपक्यांचा, थेट अठ्ठावीसवर नेणारा. मी जमिनीवर बसलो ते आई स्वयंपाकघरातून येऊन विचारेपर्यंत, की काय रे, कुणी गेलं का?

म्हणजे तू वर्षभर एकदाही खोटं खेळला नाहीस. ते मला आधीच कळायला हवं होतं, पण ज्याचं त्याचं डोकं ज्याच्या त्याच्या धंद्यावर चालतं. मला त्याची लाज नाही, हसूच येतंय. मला जे लागलंय ते वेगळं. तुला वर्षभर वाटत होतं की मी खोटं खेळतोय. नऊवरून एकतीसवर गेलो तेव्हा, आणि नंतर दर आठवड्याला. शेवटी तुझ्या डोळ्यांसमोर त्या काळ्या सापाच्या तोंडात बसून मी अठ्ठ्याण्णव म्हणालो, तू एकदाच विचारलंस, नक्की? आणि मी मालकांची साक्ष काढली. तरी दुसऱ्या दिवशी साडेसहाला तुझा फोन आला. तरी सकाळी जाऊन तू मिशी काढलीस, वीस वर्षांची, जिला तेल लावताना आई तुला चिडवायची. एकदा तरी म्हणायचंस ना, कार्ट्या, साप कुठे गेला? मला वाटतं तू भ्यालास, की विचारलं तर हा फोन उचलायचा बंद होईल. मी तुला भित्रा म्हणत नाही, नीट वाच. पावसाच्या एका आकड्यासाठी साहेबाच्या शिव्या खाणारा माणूस माझ्यासाठी वर्षभर गप्प राहिला, हे मला काल दुपारपासून पेलवत नाहीये.

संध्याकाळी मी दुकानातलं कॅलेंडर उतरवून घरी आणलं आणि वर्षाची सगळी दानं पहिल्यापासून परत खेळलो. आधी दोघांना तुझ्या पटावर, मग दोघांना माझ्या पटावर. आई सोंगट्या सरकवत होती, या वेळी चष्मा लावून. दोन्हीकडे पाचवा डाव आधी तूच मारतोस. म्हणजे हरलो मी. तेव्हा वस्तरा लांब ठेव आणि मिशी वाढव, आणि ओळखपत्राचा फोटो बदलून घे, त्या फोटोत तू फार सभ्य दिसतोस.

आता या पत्राचं खरं कारण. सोबत गणिताच्या परीक्षेचा अर्ज आहे. मी भरलाय, फक्त शेवटची चौकट सोडून. तिथे छापलंय, 'अर्जदारास मी व्यक्तिशः ओळखतो व तो खरे बोलणारा आहे', आणि खाली सरकारी नोकरीतल्या माणसाची सही लागते. मालक म्हणाले, कर की तूच, झेरॉक्सच्या दुकानात बसून सहीसाठी कुणी टपाल पाठवतं का? आणि खरं सांगतो मामा, तुझी सही मला तुझ्यापेक्षा सफाईने येते, शाळेतल्या तीन वर्षांच्या प्रगतिपुस्तकांवर तीच आहे. पण या वाक्याखाली ती मी करणार नाही. तुझी खात्री नसेल तर तूही करू नकोस. म्हणून कॅलेंडरची बारा पानं आणि माझा पट सोबत पाठवतोय, आईने फासा टाकला त्या चार दिवसांना गोल केलेत. ताडून बघायला तुझा पट लागेल म्हणून तोही आहे. सुट्टीच्या दिवशी बस, एक एक दान तपासून बघ, मग ठरव. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, आणि तुझ्याकडून टपाल यायला सहा दिवस लागतात.

तुझाच,
कार्टा