भरलेला डबा

सातारा,
१२ डिसेंबर १९९७

ती. राजेंद्रदादास,
धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम वि. वि.

जयभीम वाचून हसला असशील. ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, तरी हिची सवय जात नाही म्हणून. शांतवनच्या घरी सगळे एकमेकांना सलाम म्हणतात, मीही म्हणते. पण तुला लिहायला बसलं की पेन आपली जुनीच वाट धरतं. त्याला मी काय करू?

इकडे थंडी मी म्हणते आहे. शांतवननी नाताळसाठी कामट्यांची चांदणी केली आणि खिडकीत टांगली. एक टोक वाकडं झालं, त्यामुळे ती चांदणी कमी आणि सावित्री नदीतला खेकडा जास्त दिसते. त्यांना तसं म्हटलं तर दोन दिवस फुगून बसले.

आता मुद्द्याचं. आईला नाताळला माझ्याकडे पाठव. लग्नाला तीन वर्षं झाली, पण तिने अजून माझं घर पाहिलेलं नाही. आपल्या वाडीतले येसाजीदादा सातारा गाडीवर ड्रायव्हर आहेत, ते तिला पुढच्या सीटवर बसवून आणतील. आंबेनळी घाट चढताना शाल घे म्हणावं. तिला कुणी चर्चला नेणार नाही, की गळ्यात काही घालणार नाही. तिने फक्त माझ्या चुलीशी बसावं आणि माझ्या भाकरीला नावं ठेवावीत, एवढंच मला हवं आहे.

नाताळच्या फराळाचा डबा येसाजीदादांबरोबर पाठवेन. करंज्या तेलात सुटल्या तर वहिनींनी मला हसू नये.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
उज्वला

---

पोलादपूर,
२० डिसेंबर १९९७

चि. सौ. उज्वला हीस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आणि डबा, दोन्ही मिळालं. आईचा दमा या थंडीत पुन्हा वर आला आहे. घाटातला वारा तिला झेपणार नाही, म्हणून पाठवत नाही. तसा खरा दम्याचाच प्रश्न आहे असंही नाही, हे तू ओळखशीलच. मी विहाराच्या कमिटीत आहे. नाताळला म्हातारीला तिकडे धाडली तर उद्या वाडीत तोंड कुणाकुणाला देऊ?

डब्याचं स्पष्टच लिहितो. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. कुठल्याही देवापुढे ठेवलेलं आपल्या घरात कुणी तोंडात घालत नाही. शाळेत सत्यनारायणाचा प्रसाद आला तर मी हात मागे घेतो, हेडमास्तर रागावले तरी घेतो. मग बहिणीने पाठवला म्हणून तुमच्या देवाचा नैवेद्य कसा चालेल? एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं मला जमत नाही. डबा न उघडता येसाजीकडे परत दिला आहे. आईला दाखवला नाही, उगाच रडत बसली असती.

रागावू नकोस. मे महिन्यात सुट्टी लागली की मीच येईन. तेव्हा साधं पिठलं कर, दोन भाकऱ्या जास्त खाईन. शांतवनरावांना चांदणी सरळ करायला सांग.

आहे तेवढी ओढ असू दे.
तुझा,
दादा

---

सातारा,
२८ डिसेंबर १९९७

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

डबा पोचला. चोवीस तारखेला संध्याकाळी येसाजीदादांनी स्टँडवर हातात दिला. ते माझ्याकडे बघत नव्हते, तेव्हाच मला कळायला हवं होतं. डबा जड लागला म्हणून मी हरखले. वाटलं, आईने काहीतरी भरून दिलं. घरी येऊन फडक्याची गाठ सोडायला गेले, तर गाठ माझीच होती.

दादा, तो नैवेद्य नव्हता रे. आमच्याकडे फराळ देवापुढे ठेवायची रीतच नाही. कढईतून परातीत आणि परातीतून डब्यात, बाकी तो कुठेही गेला नव्हता. एकदा विचारायचंस तरी. करंज्या तुम्हा सगळ्यांना होत्या आणि तळाशी कागदात नाचणीचे लाडू होते. आईला दात नाहीत म्हणून दूध घालून मऊ वळले होते.

त्याच संध्याकाळी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी नेहमीची गोष्ट सांगितली. मरीया नावाची बाई, दिवस भरलेले, नवऱ्याबरोबर परगावी आलेली. कुठेही जागा मिळाली नाही. शेवटी गोठ्यात बाळंत झाली आणि लेकराला गव्हाणीत निजवलं. तीन वर्षं मी ही गोष्ट ऐकते आहे. खरं सांगू, ऐकताना माझं अर्धं लक्ष घरच्या रश्श्यात असायचं. यंदा मात्र मला रडू आवरेना. अरे, ही तर आपल्या आईची गोष्ट!

तुझ्या वेळी ती बाबांबरोबर माहेराहून निघाली होती. तुडील गावाजवळ कळा सुरू झाल्या. दारोदार आधी जात विचारली आणि मग दारं लावली. शेवटी शरिफाबींनी म्हैस बाहेर बांधली आणि आपला गोठा उघडून दिला. तिथे तू जन्मलास. सकाळी त्यांनी टोपात पेज आणून दिली. तो टोप आईने रिकामा परत केला नाही. बाळंतपणातून उठल्यावर तुडीलपर्यंत चालत गेली आणि नाचणीने भरून देऊन आली. दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडू नये, हे आपण दोघं तिच्याकडूनच शिकलो.

ज्या देवांच्या नावाने आपल्याला दाराबाहेर ठेवलं, ते सोडून दिले याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण हा देव बाहेर ठेवलेल्यांमध्येच जन्माला आला. कुणीतरी दार उघडेल म्हणून वाट बघत राहिला. मला नाताळ एवढाच कळला, दादा. तू मानू नकोस, माझा हट्ट नाही. पण हे पत्र आईला वाचून दाखव. तिला कळू दे, तिच्यासारखीच एक बाई होती आणि तिच्या त्या रात्रीचा जगभर सण करतात.

रागावले आहे, तरी तुझीच,
उज्वला

---

पोलादपूर,
२ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. उज्वला हीस,
जयभीम.

आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर तुला गाडीत बसवताना तू मला एकच विचारलंस, माझं पत्र आईला वाचून दाखवलंस का. मी येसाजीला उगाच गाडीची वेळ विचारत राहिलो. तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितो.

नाही वाचलं. पत्र आलं तेव्हा आईला बोलता येत होतं, ऐकू येत होतं. त्यात तुमच्या देवाचं नाव होतं म्हणून मी ते कोटाच्या खिशात ठेवलं. दमा उतरला की मधलं गाळून वाचू, असं ठरवलं. रोज संध्याकाळी ती विचारायची की साताऱ्याच्या पोरीचं काय आलं का, आणि ती खुशाल आहे एवढंच मी सांगायचो. दमा उतरलाच नाही.

डब्याचं तिला कळलं होतं. येसाजी तिला बघायला आला तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं की उज्वलाचा डबा आणला आणि परत पोचवलाही. तो गेल्यावर आईने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता ही कपाळ बडवून घेणार. तिने एवढंच विचारलं की पोरीचा डबा रिकामा तर नाय ना धाडलास. मी म्हणालो, रिकामा नाही धाडला.

खोटं बोललो नाही गं. डबा भरलेलाच होता.

ती केवढी समाधानाने हसली. तुझ्या वहिनीला म्हणाली की माझा ल्योक हाय तो, रीत इसरायचा नाय. मग पुढच्या खेपेला उज्वलाच्या डब्यात घालायला म्हणून चांगली नाचणी वेगळी काढून ठेवायला लावली. तू आलीस तेव्हा ती पिशवी कोपऱ्यातच होती. मी तुला दाखवली नाही.

तू गेल्यावर तुझं पत्र आईच्या रिकाम्या खाटेशी बसून मोठ्याने वाचलं, एकही ओळ न गाळता. जागा मिळाली नाही, इथे आलो आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. तुडीलची ती दारं लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढे आहेत, त्यांना शिव्या देतच मी मोठा झालो. या वेळी मला माझंच दार दिसलं. गोठ्यात जन्मलेलं पोर मीच, आणि दार लावून घेणाराही मीच.

देव मी मानत नाही, या वयात मानेन असंही नाही. पण येत्या नाताळला आम्ही सगळे तुझ्याकडे येऊ. वाडीला काय म्हणायचं ते म्हणू दे. आईची नाचणी घेऊन येतो. ती तुझ्याच डब्यात भरून आणायची आहे, आणि डबा तुझ्याकडे आहे. तेवढा येसाजीबरोबर धाड.

रिकामा धाडलास तरी चालेल.

तुझा,
दादा