पत्रिकेचं निमित्त

मारतहळ्ळी, मंगळवार संध्याकाळ

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. कर्करोग नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नसेच्या आवरणाची साधी गाठ, श्वानोमा. स्तनात फार क्वचित सापडते. काढली, विषय संपला." म्हणूनच ती दाबली की दंडापर्यंत चमक जायची. आणि त्या चमकेवरून मी काय काय ठरवून बसले!

आईने देवापुढे साखर ठेवली. मला मात्र आनंद होईना. ऑपरेशनआधीच मी तिला निखिलच्या घरी लग्नाला नकार कळवायला लावला होता. कारण काय, तर पत्रिका जुळत नाही. आई म्हणालीसुद्धा, "अगं, रिपोर्ट तरी येऊ दे. आणि पत्रिका कधीपासून बघायला लागलो आपण?" पण आपलं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं नाही, हे बाबांनीच शिकवलेलं ना? खरं सांगून त्यालाच ठरवू द्यावं, हे का नाही सुचलं?

आज धीर करून त्याला फोन केला. सगळं सांगितलं, ती चमकसुद्धा. तो कोरमंगल्याच्या ऑफिसातच होता. आधी म्हणाला, "बरी आहेस ना? टाके दुखतात का?" मग म्हणाला, "साधी निघाली म्हणून फोन केलास. तशी नसती निघाली, तर केला असतास?"

"नाही," मी म्हणाले. त्याच्याशी पुन्हा खोटं बोलवेना.

"सरी," तो इथल्यासारखं कानडीत म्हणाला, "ठीक आहे. काळजी घे," आणि फोन ठेवला.

आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "काय म्हणाला गं? रविवारी जेवायला बोलवू का त्याला?"